दात आंबवणारी द्राक्षं

बीड शहराजवळ करजनी गावाच्या शिवारात एक जुनं दगडी बांधकाम उभं आहे. गावकरी त्याला दाताची कबर म्हणतात. मुहम्मद बिन तुघलक दख्खनच्या स्वारीत बीडला मुक्कामाला असताना त्याचा एक दात पडला आणि सुलतानाने तो इथेच इतमामाने पुरवला, अशी ही हकिकत. दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादेला आणणाऱ्या या सुलतानाचं आणखी एक देणं मराठवाड्यात सांगतात, ते द्राक्षाचं. त्याच्या दरबारी राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेला आला. त्या मुलखात द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा येतात, असं त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं.

वर्षातून दोनदा. भूमध्य समुद्राच्या काठी फिरलेल्या माणसाला ही गोष्ट लिहून ठेवण्याजोगी वाटली, यात नवल नाही. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळते, चार-पाच महिने झोपते, वसंतात जागी होते आणि शरदात एकदाच फळ देते. इथे कडाक्याचा हिवाळा नसल्यामुळे ती झोपतच नाही. जिथे छाटाल तिथून फुटते. दख्खनच्या वेलीचा हा स्वभाव सातशे वर्षांपूर्वी एका परक्या पाहुण्याच्या नजरेत भरला होता. आज नाशिक, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत जी फसफसती वाइन, म्हणजे स्पार्कलिंग वाइन तयार होते, ती याच स्वभावावर उभी आहे.

कारण ही वाइन मुळात थंड मुलखाची. तिचं माहेर फ्रान्सच्या ईशान्येचा शॅम्पेन प्रांत. तो ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, बीड १९ अंशांवर. तिथे एप्रिलमध्येही दव गोठतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या बागाईतदारांनी रात्रभर वेलींच्या ओळींतून मेणाचे दिवे पेटवून कोवळे कोंब वाचवायची धडपड केली होती. बीडमध्ये मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. मग थंड मुलखाची ही वाइन महाराष्ट्रात आली कशी?

त्यासाठी आधी थंडीचं काम काय, ते पाहायला हवं. द्राक्षाच्या मण्यात दोन गोष्टींची ओढाताण चालते, साखर आणि आंबटपणा. साखर पानांत उन्हावर तयार होते आणि मण्यात उतरते. आंबटपणा मुख्यतः दोन आम्लांचा. एक टार्टरिक, जे आपल्या चिंचेत असतं. दुसरं मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असतं. टार्टरिक बऱ्यापैकी टिकाऊ आहे. मॅलिक मात्र मणी पिकताना वेल स्वतःच श्वसनात जाळून टाकते, आणि हवा जितकी उबदार तितकं ते लवकर जळतं. रात्री गार असतील तर ते मण्यात शिल्लक राहतं. शॅम्पेन प्रांतात द्राक्षं सप्टेंबरच्या गारव्यात पिकतात, तेव्हा साखर बेताची आणि आंबटपणा भरपूर असतो. खायला घेतली तर दात आंबावेत अशी. बुडबुड्यांच्या वाइनला नेमकी हीच द्राक्षं लागतात. गोड द्राक्षाची वाइन फसफसवली तर ती जड आणि बेचव होते. ताजेपणा येतो तो आंबटपणातून.

महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदाराकडे दोन छाटण्यांचं तंत्र फार आधीपासून आहे. एप्रिलमध्ये तो खरड छाटणी करतो. तेव्हा वेल जवळपास ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या फांदीपर्यंत छाटली जाते, नव्या काड्या फुटतात, आणि उन्हाळ्याच्या उजेडात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. मग पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी. त्या छाटणीनंतर जे डोळे फुटतात, त्यांतून घड बाहेर पडतात. इब्न बतूताने पाहिलेली दोन पिकं आज अशी दोन छाटण्या आणि एक पीक झाली आहेत. पहिल्या फुटव्यावर वेल फक्त ताकद साठवते, दुसऱ्यावर फळ देते.

यातली मोलाची गोष्ट अशी की फळछाटणीची तारीख शेतकऱ्याच्या हातात असते. वाइनची बाग सप्टेंबरमध्ये छाटली तर मणी डिसेंबर-जानेवारीत पिकायला लागतात. त्या दिवसांत नाशिककडे दुपारी लख्ख ऊन आणि पहाटे दहा अंशांच्या खालचा गारठा असतो. निफाडचा पारा तर काही वर्षी तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. शॅम्पेनचा सप्टेंबर नाशिकला जानेवारीत येतो, तो असा. थंड प्रदेश शोधत डोंगर चढण्याऐवजी इथल्या माणसांनी थंडी पंचांगात शोधली. महाराष्ट्राच्या वाइनची खरी कल्पकता इथे आहे, आणि तिचं श्रेय परदेशी तज्ज्ञांइतकंच कात्री हातात घेऊन बागेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांना जातं.

इथे खाण्याच्या द्राक्षाचा आणि वाइनच्या द्राक्षाचा रस्ता वेगळा होतो. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस ही आपल्या ओळखीची नावं खाण्याच्या द्राक्षांची. त्यांचा मणी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा हवा. त्यासाठी विरळणी, जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणं, फुगवणीसाठी रात्रंदिवस काळजी. अशा बागेत डिसेंबरची थंडी म्हणजे संकट. फुगवण थांबते, थॉमसनचे हिरवे मणी गुलाबी पडतात, मणी तडकतात. थंडीची लाट आली की निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडून जमीन उबदार ठेवायला बघतात. त्याच पहाटे, बांधापलीकडे शेनिन ब्लां किंवा शार्डोने या वाइनच्या वाणांची बाग असेल तर तिचा मालक समाधानाने थर्मामीटर पाहत असतो. एकच गारठा एकाचा वैरी आणि दुसऱ्याचा सखा.

वाइनचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. खायला घेतला तर निराशाच होईल. त्यात बुडबुड्यांच्या वाइनसाठी तो पुरता पिकायच्या आधीच तोडतात. साध्या वाइनला साखरेची मात्रा २२-२४ ब्रिक्सपर्यंत चढू देतात, स्पार्कलिंगसाठी १७ ते १९ ला काढणी. इथलं ऊन युरोपापेक्षा प्रखर असल्यामुळे साखर झपाट्याने चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने घसरतं. शॅम्पेनमध्ये ही योग्य वेळ बरेच दिवस टिकते, आपल्याकडे ती हातातून लवकर निसटते. त्यामुळे खिशात साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन रोज मणी तपासावे लागतात, आणि तोडणी पहाटेच्या गारव्यात, ऊन तापायच्या आत उरकावी लागते.

पुढचं काम वाइनरीत. द्राक्षं आधी चुरडत नाहीत, अख्खे घड दाबयंत्रात घालून हळुवार दाबतात. शॅम्पेनचा नियम याबाबत फार काटेकोर आहे. ४,००० किलो द्राक्षांतून पहिला २,०५० लिटर रस उत्तम, त्यानंतरचा ५०० लिटर दुय्यम, त्यापुढे पिळायचं नाही. या हळुवारपणामुळेच काळ्या सालीच्या पिनो न्वार द्राक्षातूनही पांढरा रस निघतो, कारण रंग सालीत असतो, गरात नाही. मग हा रस थंड केलेल्या स्टीलच्या टाक्यांत किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या हवाली करतात. फ्रान्समध्ये रँस शहराखाली खडूच्या दगडाची प्राचीन विवरं आहेत, तिथे बारा महिने दहा-बारा अंशांचा गारवा फुकट मिळतो. नाशिकला तोच गारवा विजेवर विकत घ्यावा लागतो, आणि वीज गेली की जनरेटर सुरू करावा लागतो. महाराष्ट्रातल्या स्पार्कलिंग वाइनच्या किमतीत हा खर्च दडलेला असतो.

पहिल्या आंबवणीतून जी वाइन निघते ती कडक आंबट आणि जेमतेम दहा-अकरा टक्के अल्कोहोलची असते. तिला अजून बुडबुडा नाही. तो आणण्यासाठी ही वाइन बाटलीत भरतात, प्रत्येक लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं किण्व घालतात आणि बाटलीचं तोंड घट्ट बंद करतात. गोटी सोड्याच्या बाटलीत वायू बाहेरून कोंबलेला असतो. इथे किण्व साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड बाटलीच्या आतच जन्माला येतो. बाहेर जायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. चार ग्रॅम साखरेमागे साधारण एक वातावरणाचा दाब, या हिशेबाने बाटलीत सहा वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या चाकात जेवढी हवा असते, तिच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच ही बाटली जाड काचेची आणि तिचं बूच तारेने जखडलेलं असतं. जुन्या काळी तळघरांत बाटल्या फुटून कामगार जखमी होत. इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांत मजबूत काच बनू लागली, तेव्हा कुठे हा दाब पेलणारी बाटली मिळाली. साखर घालून वाइन फसफसवण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज विद्वानाने १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. पेरिन्यों हा मठवासी भिक्षू ओव्हिलेच्या मठात रुजू झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी. शॅम्पेनचा शोध त्याच्या नावावर चढवला जातो, ते चुकीचं. त्याने वेगवेगळ्या बागांच्या द्राक्षांचं मिश्रण साधण्याची कला वाढवली, तेही काही थोडं नाही.

बाटलीतलं किण्व काम संपवून मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. या गाळावर वाइन महिनोन्महिने पडून राहते. शॅम्पेनच्या नियमाप्रमाणे बाटली भरल्यापासून विक्रीपर्यंत किमान पंधरा महिने. मेलेल्या किण्वाच्या पेशी हळूहळू फुटतात आणि वाइनला ताज्या भाजलेल्या पावाचा वास देतात. मग प्रश्न येतो गाळ काढायचा, तोही दाब न सोडता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लिको नावाच्या विधवा उद्योजिकेच्या तळघरात यावर तोडगा निघाला. भोकं पाडलेल्या लाकडी फळीवर बाटल्या उलट्या खोचायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवत तिरप्या करायच्या, म्हणजे गाळ घरंगळत बुचाशी येतो. आता हे काम यंत्रं करतात. शेवटी बाटलीची मान शून्याखालच्या द्रावणात बुडवून गाळ गोठवतात, झाकण उघडतात, आतल्या दाबाने बर्फाचा खडा उडून बाहेर पडतो. रिकाम्या जागेत थोडी वाइन आणि चवीपुरती साखर घालून कायमचं बूच बसवतात. लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर लेबलावर ‘ब्रूट’ लिहितात. दुसरी आंबवण बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत करायची स्वस्त रीतही आहे. इटलीची प्रोसेको मुख्यतः तशीच बनते.

एका बाटलीसाठी किलो-सव्वा किलो द्राक्षं आणि दीड-दोन वर्षांचा वेळ. त्या काळात पैसा तळघरात अडकून पडतो. शेतकऱ्याने स्वतः वाइनरी काढायचं मनात आणलं तर सगळ्यात आधी हा हिशेब मांडावा.

महाराष्ट्रात हे धाडस पहिल्यांदा झालं १९८० च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला. शामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक मदतीने शातो इंडाज ही वाइनरी उभी केली. तिची फसफसती वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने युरोपात गेली. भारतात वाइन बनते हेच ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यापुढे सह्याद्रीच्या पायथ्याची बाटली ठेवली गेली. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतला शेतकरी संघटनेचे नेते माधवराव मोरे यांनी ‘पिंपेन’ या नावाने असाच प्रयत्न केला. कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेला माणूस शॅम्पेनसारखी वाइन बनवायला निघतो, यामागचा विचार नीट समजून घ्यायला हवा. कच्चा माल विकून शेतकरी नागवला जातो, प्रक्रिया त्याच्या हातात आली तर भाव त्याच्या हातात येतो, ही त्या आंदोलनाचीच शिकवण होती. पिंपेन टिकली नाही, पण नाशिकच्या मातीत कल्पना रुजली.

पुढे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले. गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी १९९७ मध्ये वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये सुला वाइन बाजारात आली. तिच्या पहिल्या काही वाइनमध्येच एक स्पार्कलिंग होती. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. २०१३ मध्ये तर शॅम्पेनचं सर्वात मोठं नाव असलेल्या मोएत घराण्याने दिंडोरीत बनवलेली ‘शांदों’ बाजारात आणली. तिच्या लेबलावर शॅम्पेन हा शब्द नव्हता. तो शब्द त्या प्रांताबाहेरच्या वाइनला वापरता येत नाही. भारतातही तो भौगोलिक संकेतांकाखाली नोंदलेला आहे. बीडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला असाच भौगोलिक संकेतांक मिळाला आहे, आणि दुसऱ्या जिल्ह्याचं सीताफळ बीडच्या नावाने विकलं तर इथला शेतकरीही तक्रार करेल.

बीडला भूगोलाने सर्वात जवळची ठळक वाइनरी नाशिकची नाही, ती सोलापूर जिल्ह्यातली. अकलूज म्हणजे ऊस आणि सहकारी साखर कारखान्याचं गाव. तिथल्या मोहिते-पाटील बंधूंनी इटलीतल्या सेक्ची बंधूंना आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंना सोबत घेऊन ‘फ्रातेल्ली’ सुरू केली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. पिएरो मासी हे तस्कनीचे वाइनतज्ज्ञ त्यांच्याबरोबर होते. उसाच्या पट्ट्यात, नाशिकपेक्षा गरम हवेत, मोटेवाडी, गारवाड, निमगावच्या शिवारात परदेशी वेली लागल्या. तिथे शेनिन ब्लांपासून स्पार्कलिंग वाइनही बनते. अकलूजच्या रात्री दिंडोरीइतक्या गार नसतात. तरीही काढणीची वेळ अचूक साधली तर आंबटपणा राखता येतो, हे त्या बागांनी दाखवलं. मराठवाड्याने नाशिकपेक्षा अकलूजकडे अधिक बारकाईने पाहावं, ते यासाठी.

मराठवाड्यातही द्राक्ष नवं नाही. जालना जिल्ह्यातलं कडवंची हे त्याचं सर्वात बोलकं उदाहरण. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने आणि इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथे माथा ते पायथा पाणलोटाचं काम झालं. मग शेकडो शेततळी झाली, ठिबक आलं, आणि कोरडवाहू गाव द्राक्षाचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कडवंचीत पिकतात ती खाण्याची द्राक्षं, वाइनची नव्हेत. पण दुष्काळी मराठवाड्यात वेल जगवायची कशी, याचा धडा तिथे आहे.

आता बीड. जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. गेवराई, माजलगावकडचा गोदाकाठ काळ्या कसदार मातीचा. तिथे कापूस, ऊस. वाइनच्या वेलीला ही जमीन मानवत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत ती नुसती पाल्याने माजते आणि मणी पाणचट होतात. दुसरा भाग बालाघाटाचा, बीडच्या दक्षिणेकडून पाटोद्यापर्यंतचा आणि तिकडे अंबाजोगाईपर्यंतचा. बरंचसं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वर, म्हणजे उंचीने नाशिकच्या बरोबरीचं. मुरमाड, उथळ, पाण्याचा निचरा होणारी जमीन. याच डोंगरउतारांवर सीताफळ पाण्यावाचून रानोमाळ वाढतं. मांजरसुंब्याच्या घाटात डिसेंबरच्या पहाटे उभं राहिलेल्याला तिथला वारा चांगला ठाऊक आहे. दगडधोंड्यांत मुळं खोल घालणारी, कमी पण घट्ट रसाचे मणी देणारी वेल अशाच जमिनीवर चांगली येते. डॉगरिज किंवा ११० आर या खुंटांवर कलम केलेली रोपं पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतात.

म्हणजे जमीन आहे, उंची आहे, बऱ्यापैकी थंडीही आहे. नाही ते पाणी. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्याही आत, त्यातही आष्टी-पाटोदा-शिरूर पर्जन्यछायेतले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा बीडच्या वाड्या-वस्त्यांवरही टँकरची वाट पाहिली जात होती. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास याच तालुक्यांतून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला घर सोडतात. ठिबकवरच्या द्राक्षाला उसाच्या तुलनेत पाणी फार कमी लागतं हे खरं, पण ते कमी पाणीही एप्रिल-मेमध्ये, खरड छाटणीनंतरच्या काड्या वाढताना, हमखास लागतं. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर आठवावी. ती जमिनीखालच्या कालव्यांतून, मोटेशिवाय, उताराने शेतांना पाणी देते. पाणी अडवून जपून वापरण्याची अक्कल या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको, तिचा विस्तार हवा आहे.

पाण्याइतकाच मोठा धोका बाजाराचा. २००८ च्या जागतिक मंदीनंतर आणि त्याच वर्षी मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप कोसळला. धोरणाच्या भरात नाशिक जिल्ह्यात वाइनची द्राक्षं भरमसाट लागली होती. वाइनऱ्यांनी माल घेणं थांबवलं. खाण्याचं द्राक्ष कुठल्याही बाजार समितीत नेता येतं, त्याचा बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष मंडईत कुणी हातात धरत नाही. शेतकऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून बागा उपटल्या, काहींनी त्याच खुंटांवर पुन्हा खाण्याच्या वाणाची कलमं केली. नारायणगावची ती पहिली कंपनीही कर्जात बुडाली आणि अखेर बंद पडली. देशातली जवळपास ७० टक्के द्राक्षं महाराष्ट्रात पिकतात, पण वाइनकडे जातात ती जेमतेम एक-दोन टक्के. बाजार अजून लहान आहे आणि तो लहान आहे हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

समाजाचा प्रश्नही बाजूला सारता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं आणि राज्यभर वादळ उठलं, निर्णय अंमलात आला नाही. बीड हा वारकऱ्यांचा जिल्हा आहे, आणि दारूने घरं उद्ध्वस्त झालेली इथल्या बायकांनी पाहिली आहेत. दारूची दुकानं बंद करायला गावोगाव उभ्या राहिलेल्या बायकांना खुळचट म्हणणं अन्याय्य आहे. वाइन म्हणजे फळाचा रस, असं म्हणत तिची तरफदारी करणारे शेतकऱ्याचं भलं करत नाहीत. तिच्यात ११ ते १३ टक्के अल्कोहोल असतं. ते खुल्या मनाने मान्य करून, निर्यात आणि पर्यटनावर उभा राहणारा, कायद्याच्या चौकटीतला उद्योग म्हणून त्याची बाजू मांडली तर ती ऐकण्याजोगी होते.

जगाचं हवामान या गोष्टीला नवं वळण देत आहे. शॅम्पेन प्रांतातली काढणी गेल्या तीन दशकांत पंधरा-वीस दिवस अलीकडे सरकली आहे. २००३ च्या उष्ण लाटेत ती ऑगस्टमध्येच सुरू झाली आणि मण्यांत आंबटपणा कमी भरला. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या खडूच्या टेकड्या, जिथे पूर्वी द्राक्ष नीट पिकत नसे, आज उत्तम स्पार्कलिंग वाइन देतात, आणि तेतँजे या शॅम्पेन घराण्याने केंट परगण्यात जमीन घेऊन वेली लावल्या आहेत. उन्हात आंबटपणा कसा राखायचा, हा प्रश्न आता फ्रेंचांच्याही दारात आला आहे. महाराष्ट्रातल्या बागाईतदारांचा तो चाळीस वर्षांचा रोजचा अभ्यास आहे. या अनुभवाला जगात मोल येण्याची वेळ आहे. त्याच वेळी आपल्याकडेही हवामान बिघडत चाललं आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट बीडसह साऱ्या मराठवाड्याने सोसली, आणि नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड भागात गारांनी फळछाटणीनंतरच्या बागा झोडपल्या. पंचांगात शोधलेली थंडी त्याच पंचांगात टिकेल याची हमी आता कुणी देऊ शकत नाही.

तेव्हा पाटोदा, बीड किंवा अंबाजोगाई तालुक्यातल्या एखाद्या तरुण शेतकऱ्याच्या मनात ही वेल लावायचं आलंच, तर त्याने आधी शेततळं भरलेलं पाहावं. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून आपल्या जमिनीला कोणता खुंट आणि कोणता वाण चालेल ते विचारून घ्यावं. सुरुवात दहा-वीस गुंठ्यांनी करावी, दोन हिवाळे पहाटेचं तापमान आणि मण्यांचा आंबटपणा वहीत नोंदवावा. आणि वाइनरीशी किमान दहा वर्षांचा, भाव आणि ब्रिक्स दोन्ही नमूद केलेला लेखी करार हातात पडल्याशिवाय एका एकरावरही मांडव उभा करू नये.